नलूमावशींचा वरचा दात

साडीला फॉल लावायचा तर नलूमावशींकडेच, असं नायगावातल्या बायका अजून म्हणतात. टाका असा, की साडी उलटी धरली तरी शोधावा लागतो. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि काम थांबलं. ऑपरेशन दोनदा पुढे गेलं, कारण रक्तातली साखर उतरत नव्हती. गोळ्या वेळेवर, चालणं रोजचं, आकडा मात्र तसाच.

सून रुपालीला संशय होता. डब्यातले बेसनाचे लाडू ती सकाळी मोजायची, रात्री मोजायची. लाडू तेवढेच. मग तिचं लक्ष ताटाकडे गेलं.

"आई, भाकरी खाणं का सोडलंत? नुसता मऊ भात नाहीतर चहात बुडवलेले टोस्ट."

"घशाखाली उतरत नाही."

"दिवाळीपर्यंत उतरत होती."

मावशी उठून गेल्या. हल्ली त्या तोंडाशी पदर धरून बोलत. एकदा बेसिनमध्ये गुलाबी थुंकी दिसली. "मशेरीची असेल," म्हणत त्यांनी नळ सोडला. पण मशेरी काळी असते.

इकडे मावशींनाही सुनेची शंका येऊ लागली. ती फोनवर हळू बोलायची, त्या आल्या की ठेवायची. एका रविवारी 'डोळे दाखवायला' म्हणून ती त्यांना दादरला घेऊन गेली. दारावरच्या पाटीवर एवढा मोठा दात रंगवलेला, तो मावशींनाही दिसला. त्या जिन्यातच थांबल्या.

"फसवून आणलंस."

"सांगून आला असतात?"

आत डॉक्टर आकांक्षांनी आरसा पुढे केला. मावशींनी ओठ घट्ट मिटले, मग बोलण्यापुरते उघडले. "दात काढायचा नाही. वरचा तर नाहीच. माझ्या चंपाआत्याने वरचा काढला आणि वर्षात तिची नजर गेली. तुमचा धंदा होईल, मी शिवू कशाने?"

रुपालीला आत्ता उलगडलं. इतके दिवस हलणारा दात लपवला, तो डोळ्यांसाठी.

डॉक्टर हसल्या नाहीत. "आत्याला साखर होती?"

"होती. पायाची जखमसुद्धा भरली नाही तिची."

"मग नजर साखरेने गेली, दाताने नाही. तुमच्या हिरड्या सुजल्यात, आत पू आहे. तो असेपर्यंत साखर आटोक्यात येणं कठीण. त्यात चावता येत नाही म्हणून भात आणि टोस्ट. पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा आला असतात, तर नुसत्या सफाईवर भागलं असतं. मशेरीने ठणका दबला, दुखणं वाढत गेलं."

"आणि आता?"

"साफ करू. बाकीचे वाचतील. तो एक नाही वाचणार."

मावशींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. "आधी मी ते आकडे वाचणार. काढल्यावर परत वाचणार."

साखरेच्या डॉक्टरांना विचारून आठवड्याने दात काढला. तोंडात कापूस धरून मावशींनी एकेक डोळा झाकत आकडे पाहिले. आधीइतकेच धूसर. तरी रोज सकाळी त्या घरातल्या कॅलेंडरसमोर उभ्या राहत आणि तिथूनच ब्रश मागत. मशेरीचा डबा रुपालीने उचलला, तेव्हा ती तो कुठे ठेवते हे मात्र त्यांनी बघून घेतलं.

ताटात भाकरी परत आली. तीन महिन्यांनी आकडा उतरला आणि ऑपरेशनची तारीख मिळाली.

"मंगळवारी नऊला निघायचं, आई," रुपाली म्हणाली.

मावशींनी कागद नाकाशी धरून तारीख पाहिली. "जाऊ. दारावर पाटी कसली आहे, ते आधी सांग."