ओस गावातली खुर्ची

खाणीतलं सोनं संपल्यावर ओस पडलेलं ते डोंगराळ गाव बघायला गेलो, तिथं माझ्या व्हीलचेअरचं चाक खडीत रुतलं. "फळी शोधून आणतो, इथंच थांब," म्हणून हे गेले. मी दुसरं कुठं जाणार होते?

वाऱ्यानं कुठलंसं दार सारखं आपटत होतं. समोरच्या खिडकीतून जेवणाचं टेबल दिसलं, ताटल्या तशाच मांडलेल्या. कोपऱ्यात धुळीनं भरलेली, चाकांची एक लाकडी खुर्ची. सगळं गाव घाईनं निघालं, तेव्हा त्या खुर्चीतल्या माणसाला कुणी उचलून नेलं असेल ना? की त्यालाही कुणी म्हणालं असेल, इथंच थांब?

हे फळी घेऊन आले, वाकून चाकाखाली सरकवू लागले. मी त्यांची बाही घट्ट धरली.

"खुर्ची राहू द्या हो. आधी मला उचला."