युमिकोचं आजोळ

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीतून बॅग घेऊन निघाले, तर जिन्यात खालच्या मजल्यावरचे शेखकाका भेटले.

"जपानला ना? काय काय बघणार?"

"मैत्रिणीच्या आईच्या अस्थी ठेवायच्या आहेत काका. एका खेड्यात."

"लोक बुलेट ट्रेन बघायला जातात," काका म्हणाले. "असो. सावकाश या."

मैत्रीण म्हणजे युमिको. नारायण पेठेतल्या एका क्लासमध्ये आम्ही दोघी जपानी शिकवतो. तिच्या आईची शेवटची इच्छा होती, अस्थी माहेरच्या घराण्याच्या सामाईक कबरीत ठेवाव्यात. पण युमिको शाळेत असताना तिच्या सख्ख्या मामाने त्या गावात एका पहाटे घरोघरी शिरून शेजाऱ्यांना ठार मारलं होतं आणि मग स्वतःचाही जीव घेतला होता. त्यानंतर तिची आई माहेरी गेली नाही. "एकटीने नाही जमणार मला," युमिको म्हणाली, म्हणून मी निघाले.

ओसाकाहून आधी मोठी गाडी, मग एकाच डब्याची छोटी गाडी, मग बस. दोन्ही बाजूंना देवदारासारखी सरळसोट झाडं, मधे भाताची खाचरं. मुळशीकडे गेल्यासारखं वाटत होतं, फक्त माणसं दिसत नव्हती. बसमध्ये आम्ही ओनिगिरी (समुद्री शेवाळात गुंडाळलेला भाताचा गोळा) खाल्ले. युमिकोने अर्धाच खाल्ला. अस्थिकलश तिच्या मांडीवर होता.

बोलण्याच्या नादात मी आम्हा दोघींना एक थांबा आधीच उतरवलं. चढ चढून गेलो. पहिली तीन-चार घरं बंद होती. पुढच्या खाचराच्या बांधावर एक आजी गवत कापत होत्या.

"कोणाकडे?" त्यांनी विचारलं.

मी पटकन युमिकोच्या आजोळचं आडनाव सांगून मोकळी झाले. सांगितल्यावर कळलं, हे माझ्या तोंडून निघायला नको होतं. आजींनी कमरेवर हात ठेवून युमिकोकडे निरखून पाहिलं.

"साचिकोची मुलगी का तू?"

"हो."

"वरची वाट खचली आहे. माझ्यामागून या."

त्यांचं नाव हारुए. त्या पहाटे त्यांचे यजमान आणि धाकटा दीर गेले होते. हे त्यांनी चालता चालता, मागे न बघता सांगितलं. युमिको तिथेच थांबून कमरेत वाकली. "मला माफ करा" म्हणाली. आजी पुढे चालत राहिल्या.

दफनभूमी टेकडीच्या पोटाशी होती. एका रांगेतल्या बऱ्याच दगडांवर मृत्यूची एकच तारीख. सगळे स्वच्छ, ताजी फुलं वाहिलेली. टोकाला युमिकोच्या आजोळची कबर, तिच्यावर कमरेएवढं गवत. आजींनी हातातला विळा युमिकोपुढे धरला.

"मी कापणार नाही. तू काप."

आम्ही दोघींनी पाळीपाळीने कापलं. दगड मोकळा झाला. त्यावर मामाचं नाव नव्हतं.

"त्याची राख आतच आहे," आजी म्हणाल्या. "नाव आम्ही कोरू दिलं नाही."

युमिकोने दगडाखालचा कप्पा उघडून कलश आत ठेवला. गावातल्या देवळाला आता भिक्षू नाही. आमच्या घरी आजोबांपासून बुद्धवंदना आहे, म्हणून मी हळू आवाजात त्रिशरण म्हटलं. आजी ऐकत होत्या.

"हे कोणासाठी?"

"युमिकोच्या आईसाठी."

"आता त्यांच्यासाठी म्हण," त्यांनी रांगेकडे हात केला. मी प्रत्येक दगडापाशी थांबून म्हटलं. शेवटचा दगड त्यांच्या यजमानांचा होता. तिथे त्या खाली बसल्या.

"साचिको आणि मी एका वर्गात होतो," त्या युमिकोला म्हणाल्या. "ती का नाही आली कधी?"

"लाज वाटायची तिला."

"मी वाट बघत होते. शिव्या द्यायला तरी कोणीतरी समोर हवं होतं मला. तीसुद्धा आली नाही."

युमिको त्यांच्याजवळ जाऊन बसली. "मला द्या," म्हणाली.

आजींनी तोंड फिरवलं. शिव्या काही दिल्या नाहीत. मग उठत म्हणाल्या, "चहा घ्याल ना?"

त्यांच्या घरी चहाबरोबर मुळ्याचं लोणचं होतं, किंचित गोड. हॉटेलवर परतायच्या संध्याकाळच्या बसपर्यंत त्या युमिकोला तिच्या आईच्या लहानपणीच्या खोड्या सांगत होत्या. आम्ही निघताना मात्र "पुन्हा या" म्हणाल्या नाहीत. बस वळेपर्यंत रस्त्यावर उभ्या होत्या.

पुण्यात आल्यावर जो तो विचारत होता, किती माणसं मारली, कशाने मारली, का मारली. का, ते मला माहीत नाही. युमिकोलाही नाही, आणि त्या गावातही कोणाला असेल असं वाटत नाही.

माझ्या आईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या हारुएबाई एकट्याच राहतात का गं?"

"हो."

"मग पुढच्या वेळी हॉटेलात उतरू नका," आई म्हणाली. "त्यांच्याकडेच मुक्कामाला जा."

पुन्हा कधी जायचं ते विचारायला मी युमिकोला फोन लावला.