ताराच्या आईचं पुढं काय झालं?

शालन बनसोडे एसटीत कंडक्टर आहे. सोलापूर-मैंदर्गी गाडीवर ड्युटी, घर शुक्रवार पेठेत. गेल्या वर्षी तिची पहिली कादंबरी छापून आली. त्यात तारा नावाची पोर एसटीत बसते आणि गावाला पोचतच नाही. गाडीची कंडक्टर रुक्मिण तिला शोधून काढते. पण तारा घरी यायला नकार देते आणि विजयपूरची गाडी धरते. तिथंच पुस्तक संपतं.

वाचकांचं मात्र संपेना. डेपोतले लोक हटकायचे, "म्याडम, तारा पुढं कुटं गेली?" मंगळवेढ्याच्या एका बाईनं फोन करून विचारलं, "तिचं लग्न तरी झालं का वो?"

मग पुण्याहून प्रकाशनाच्या संपादक सृष्टीचा फोन आला. "ताई, रुक्मिणची मालिकाच करू या. तीन भाग. प्रत्येक भागात ती नवा गुन्हा शोधेल."

शालन हुरळून गेली. गुन्हे शोधणारी कंडक्टर! रविवारी चहा घेऊन लिहायला बसली. रुक्मिणला गाडीत एक बेवारस पेटी सापडली, आणि अर्ध्या पानावरच सगळं थंडावलं. पुन्हा बसली, पुन्हा तेच.

"रुक्मिणला जे कळायचं ते कळलंय," ती नवऱ्याला म्हणाली. "आता तिला उगाच कशाला पळवू?"

"मग सोडून दे की," प्रदीप म्हणाला. "संपलं ते संपलं."

"आई, लोक मागून मागून वाचायलेत आणि तू सोडतीस व्हय?" प्रतिक्षा, त्यांची मुलगी, उसळली.

दोघांचंही शालनला पटत होतं, म्हणून तर जास्तच त्रास.

एका सकाळी सोलापुरात दाक्षायणी गाडीत चढली. तिचं मैंदर्गीत बांगड्यांचं दुकान. माल घ्यायला शहरात यायची. तिकीट घेताना म्हणाली, "अव्वा, तुमचं पुस्तक वाचले मी."

"तारा कुठं गेली तेच विचारणार ना?"

"ताराची काळजी न्हाय मला. हुशार हाय ती. तिच्या आईचं सांगा. पोरगी मामाकडं गेली म्हणून तिनं नवऱ्याला खोटं सांगितलं की! तिला सगळं ठाऊक होतं. नवऱ्याला खरं कळल्यावर त्या बाईचं काय झालं?"

शालनचा हात मशीनवरच थांबला. ते खोटं तिनं लिहिलं होतं ते फक्त शोध एक दिवस उशिरा सुरू व्हावा म्हणून. आईला सगळं ठाऊक होतं, हे लिहिणाऱ्या शालनलाच ठाऊक नव्हतं! आता एकदम ती बाई दिसायला लागली. दाराशी उभी, नवऱ्याच्या पावलांचा कानोसा घेत.

"ओ बाई, बेल द्या की!" पुढून ड्रायव्हर ईरप्पा ओरडला. वळसंगला उतरणारे केव्हाच उतरले होते.

अक्कलकोटच्या स्टँडवर गाडी लागताच तिनं सृष्टीला फोन लावला. "तीन भाग न्हाईत. एकच पुस्तक. आणि त्यात रुक्मिण नाही."

"रुक्मिण नाही? मग आहे कोण?"

"ताराची आई."

"तिचं नाव काय होतं हो?"

"नावच दिलं नव्हतं मी!" शालन इतक्या मोठ्यानं हसली की बाकावरची माणसं वळून बघायला लागली. "आता दिलंय. शेवंता."

सृष्टी सावधपणे म्हणाली, "लोकांना रुक्मिण हवीय, ताई. मी आत्ता शब्द देत नाही. दोन प्रकरणं पाठवा, मग बघू."

शालननं ती सुटीच्या दिवसांत झपाटल्यासारखी लिहिली. एकदा भात करपला, तो प्रदीपनं मुकाट्यानं खाल्ला. दिवाळीआधी प्रकरणं गेली आणि तिसऱ्या दिवशी सृष्टीचा निरोप आला : "नेहमी दाराशी उभी असणारी शेवंता नवऱ्यासमोर पहिल्यांदा खाली बसते, तिथं मी वाचायची थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मालिका राहू दे. हेच करू."

शालननं तो निरोप ईरप्पाला वाचून दाखवला.

"भारी!" तो म्हणाला. "मग तारा भेटती का आईला?"

"मलाबी अजून म्हाईत न्हाय," शालन म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "तिसऱ्या प्रकरणात शेवंता घराबाहेर पडलीय. बघू या कुटं जाती."