वहाणा घेऊन या

मेलेल्या माणसांकडूनसुद्धा फेऱ्या मारून घेणाऱ्या बाई मी आयुष्यात एकच पाहिल्या, आणि त्यांच्या हाताखाली मी बरीच वर्षं कंपाउंडर होतो. चिंचवडला नदीच्या अंगाला एका जुन्या बंगल्यात आमचा सोळा खाटांचा धर्मादाय दवाखाना होता. पिंपरीच्या माळावर तेव्हा नुकते कारखाने उभे राहत होते. दिवसभर सुरुंगांचे आवाज यायचे आणि दुपारी तीनला पाळी सुटल्याचा भोंगा व्हायचा. डॉक्टर पुण्याहून आठवड्यातून दोनदा येत. बाकी सगळं राज्य बाईंचं. त्या नर्स होत्या, पण त्यांना नर्स म्हणायची कुणाची छाती नव्हती. साडेचार फूट उंची, पांढरं पातळ, बारीक आवाज, आणि चालण्याचा आवाज मुळीच नाही. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या की आधी मानेला गार लागायचं आणि मग त्या दिसायच्या. माझ्या हातून जेवढ्या म्हणून औषधाच्या बाटल्या फुटल्या, त्या सगळ्या अशाच फुटल्या.

बैलगाडीतून म्हातारं माणूस आलं की बाई नाडी बघायच्या आधी गाडीत वाकून विचारत, ‘‘वहाणा कुठंयत?’’ नातेवाईक गोंधळून एकमेकांकडे बघत. शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाच्या वहाणा कोण कशाला आणील? बाईंचं म्हणणं सरळ होतं. ज्याला तुम्ही अनवाणी आणलंत, त्याला चालत परत न्यायचं तुमच्या मनातच नाही. वहाणा येईपर्यंत रजिस्टरात नाव चढत नसे. औषधपाणी मात्र तोवर सुरू झालेलं असे, पण हे त्या कुणाला कळू देत नसत.

मग त्या वहाणा खाटेपासून एक शहाबादी फरशी दूर मांडल्या जात. दुसऱ्या दिवशी दोन फरश्या, तिसऱ्या दिवशी तीन. तीनचा भोंगा झाला की प्रत्येक म्हाताऱ्याने आपल्या पायांनी तिथवर जायचं, वहाणा घालायच्या, व्हरांड्याच्या टोकाला ठेवलेल्या माठातलं पाणी प्यायचं आणि परत यायचं. यावरून रोज भांडणं होत. आपल्याकडे म्हाताऱ्यांची सेवा करायची म्हणजे त्यांना हलू द्यायचं नाही. बापाचा पाय जमिनीला लागला तर लेकाची अब्रू जाते. थेरगावचा एक धिप्पाड गडी आपल्या आईला न्हाणीतसुद्धा उचलून नेई. बाईंनी त्याला शेजारच्या रिकाम्या खाटेवर निजवलं आणि दिवसभर उतरू दिलं नाही. तहान लागली की चमच्याने पाणी, कूस बदलायची तर दुसऱ्याने बदलायची. संध्याकाळी तो रडकुंडीला आला आणि दुसऱ्या दिवशी आईचा हात धरून स्वतःच माठापर्यंत गेला.

पौषात नदीवरून धुकं चढलं की बाईंचा सकाळचाही फेरा असे, आणि तो अंगणात. पांढऱ्या चादरी पांघरलेली सहा-सात म्हातारी माणसं एकामागे एक, अगदी सावकाश, आणि पुढे कंदील घेतलेली ही एवढीशी बाई. पहिल्या पाळीला निघालेल्या एका कामगाराने कुंपणावरून हे दृश्य पाहिलं आणि सायकल तिथेच टाकून पळाला. दोन दिवसांनी तो तापाने फणफणत आमच्याकडेच आला. चौथ्या दिवशी पाहतो तर तोच चादर पांघरून रांगेत दुसऱ्या नंबरावर चालला होता. त्याने मला हळूच सांगितलं, त्या दिवशी त्याने मोजले होते तेव्हा दहा जण होते. मी हसलो, पण आमच्याकडे त्या आठवड्यात चालणारे सातच होते.

मेलेल्या माणसाच्या वहाणा सहसा कुणी घरी नेत नाही. आमच्याकडे त्या माठाजवळ भिंतीला ओळीने लावून ठेवलेल्या असत, तोंडं अंगणाकडे. एकदा दुपारी फेरा आटोपून वॉर्ड निजलेला असताना मी औषधाच्या खोलीत होतो. बाहेर पावलं वाजली. एक पाय टेकणारा, एक घासत येणारा. ही चाल माझ्या ओळखीची होती. माण गावची एक म्हातारी अशी चालायची, आणि ती परवाच गेली होती. मी दाराच्या फटीतून पाहिलं. म्हातारीच्या वहाणा घालून बाई चालल्या होत्या. डावा पाय तसाच घासत, हात तसाच कमरेवर. माठापाशी त्यांनी पेला भरला, थोडा वेळ तसाच धरला, पाणी तुळशीला घातलं आणि त्या परत फिरल्या. मला पाहून थांबल्याही नाहीत. ‘‘यांचा फेरा राहिला होता,’’ म्हणाल्या. औषधाची एखादी मात्रा चुकावी आणि नंतर द्यावी, तसं म्हणाल्या. त्या दिवशी मी कालवलेलं मिक्श्चर मोरीत ओतून टाकलं, कारण त्यात काय पडलं होतं ते मला सांगता आलं नसतं. मात्र एक गोष्ट मला कळली. बाईंच्या पायात ज्याच्या वहाणा, तो माणूस संपला.

पुढच्या चैत्रात न्यूमोनिया झाला म्हणून माझ्या वडिलांना आमच्या गावाहून, निघोज्याहून, आणलं. मी, बाईंच्या हाताखालचा कंपाउंडर, वडिलांच्या वहाणा घरी विसरलो. बाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी काय मनात धरून वडिलांना आणलंय ते मलाच तेव्हा समजलं, आणि मी तसाच सायकलवर टांग मारली. चाकणच्या चांभाराने केलेल्या त्या जाड वहाणा कर्रकर्र वाजायच्या. वडील बांधावर आले की शेतातल्या बायकांच्या गप्पा त्या आवाजाने थांबत.

सहाव्या दिवशी ताप उतरला, पण वडील उठेनात. ‘‘लई चाललो आता. पडू दे मला,’’ एवढंच म्हणत आणि भिंतीकडे तोंड करत. आत्या उशाशी बसून भरवी, पाय चेपी, खाली उतरू देत नसे. दहा दिवसांत त्या पायांच्या काठ्या झाल्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हे असेच पडून राहिले तर छाती पुन्हा भरेल, आणि मग माझ्या हातात काही नाही. वहाणा पहिल्याच फरशीवर होत्या. रोज मी त्या बघायचो आणि मला रडू यायचं.

अकराव्या दिवशी भोंगा झाला, फेरा झाला, सगळं निवांत झालं. मी बाटल्या धूत होतो आणि व्हरांड्यात कर्रकर्र वाजलं.

माझे हात पाण्यातच राहिले. वडिलांची चाल, टाच जोरात आपटणारी. वडील चालत नव्हते. मग पायात वहाणा कुणाच्या आहेत ते मला ठाऊक होतं. औषधाच्या खोलीपासून व्हरांडा पंधरा पावलं, पण ती पंधरा पावलं मी कशी गेलो ते मला आजही आठवत नाही.

बाई मध्यावर उभ्या होत्या, वडिलांच्या होडीएवढ्या वहाणांत. आणि वॉर्डच्या दारात चौकटीला धरून, लटपटत, वडील उभे होते. मागे आत्या तोंडाला पदर लावून.

‘‘बाई, त्या वहाणा माज्या हायती,’’ वडील म्हणाले. ‘‘मी अजून हाय.’’

बाईंनी वहाणा पायातून काढल्या. वाटलं, नेऊन देतील. बाई तीन फरश्या मागे सरकल्या आणि तिथे वहाणा मांडल्या. ‘‘मग या,’’ म्हणाल्या. वडील शिव्या घालत वहाणांपर्यंत गेले.

त्यांना उठवायला तुम्ही हे मुद्दाम केलंत, की ते गेले असंच तुम्हाला वाटलं होतं, हे मी बाईंना पुढे एकदा विचारलं. पट्ट्या गुंडाळता गुंडाळता त्या म्हणाल्या, ‘‘माझे सासरे अकरा महिने खाटेवर होते. मी त्यांचा पाय खाली टेकू दिला नाही. गावात अजून माझ्या सेवेचं नाव घेतात. ते गेले तेव्हा त्यांच्या वहाणा कोऱ्या होत्या.’’

चार वर्षांनी बाई त्याच वॉर्डात खाटेवर आल्या. पोटाचं दुखणं होतं. आपल्या वहाणा रोज स्वतःच एकेक फरशी पुढे ठेवायला लावत. शेवटच्या दुपारी अकराव्या फरशीवर खाली बसल्या, आणि दुसऱ्या सकाळी गेल्या. त्यांना कुणी नव्हतं. मला त्यांची भीती वाटायची असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो. त्या दिवशी कळलं की ते खोटं होतं.

तिसऱ्या दिवशी वडील निघोज्याहून आले, अर्धी वाट एस.टी.ने आणि अर्धी पायी. भोंग्याची वाट बघत बसले. मग मला विचारलं, कंच्या फरशीवर? मी दाखवली. त्यांनी बाईंच्या त्या एवढ्याशा वहाणा दोन्ही हातांत छातीशी धरल्या. ‘‘फेरा ऱ्हायला त्यांचा,’’ म्हणाले, आणि अकराव्या फरशीवरून कर्रकर्र करत माठाकडे निघाले.

मी औषधाची बाटली हातात घेऊन खोलीच्या दारात उभा होतो. करकर दूर गेली, माठापाशी थांबली. पेल्यात पाणी पडल्याचा आवाज आला. तेवढ्यात माझ्या मानेला गार लागलं.

मी मागे वळून पाहिलं नाही. बाटली घट्ट धरली आणि तसाच उभा राहिलो. वडिलांनी परत यायला जरा वेळ लावला तरी चालेल, असं वाटत होतं.