जहाजाची बाई

नेकनूरच्या वाटेवर, आमचं गाव हाकेवर आलं असताना, चाकाला वंगण घालायचं म्हणून मी गाडीतली लाकडाची बाई उतरवून लिंबाखाली उभी केली आणि शेजारीच जरा आडवा झालो. तिथंच फसलो.

बाई माझ्या धाकट्या भावाची. तो मुंबईला गोदीत जुनी जहाजं मोडायच्या कामावर होता. एका लढाऊ जहाजाच्या नाकावर ही असायची, छाती पुढे काढून, तोफांच्याही पुढे. जहाज मोडलं तेव्हा तिला चुलीत घालवेना, म्हणून त्यानं आपल्या खोलीत आणली. पुढे तो तापानं गेला. त्याचं सामान आणायला मी गेलो, तर खोलीत ही एकटी उभी. येताना निजामाच्या नाक्यावर शिपायानं विचारलं, "ही कोण बे?" मी "भावाची" म्हणालो आणि गाडी पुढं हाकली.

लिंबाखाली जाग आली, तर बाईच्या कपाळाला शेंदूर, पुढ्यात नारळ आणि बाया हात जोडून उभ्या. "आई आपल्या पायानं आली, आता हलवायची न्हाई!" शेंदूर लागलेली मूर्ती उचलायची माझी काय छाती? घोरता घोरता देवस्थान उभारणारा मीच पहिला असेन. भावाची एवढी एकच वस्तू होती, तीही गावाची झाली.

मग रोज सांजेला मी तिच्यापुढं जाऊन बसू लागलो. लोक म्हणाले, लई भक्ती लागली.

बायको म्हणाली, "उद्या निवदाला भावजींच्या आवडीचे शेंगुळे करते. दोघं मिळून जाऊ. पण तिथं निजू नका."