एकदाच विचारणारे भाऊजी

एकदा मिळालेलं उत्तर जन्मभर पुरवून वापरणारा माणूस अख्ख्या इंग्लंडात एकच झाला, आणि तो माझ्या वाट्याला दीर म्हणून आला. पुण्या-नागपूरकडची सॉफ्टवेअर मंडळी लंडनजवळच्या रीडिंग गावी येऊन पडत होती त्या वर्षांत आमचे भाऊजीही आले आणि आमच्या घरातल्या सर्वांत लहान खोलीत राहू लागले. बायको आणि मुलगी नागपूरला, व्हिसाची वाट बघत. आल्या दिवशीच त्यांनी मला कचऱ्याची गाडी कधी येते, बस कधी येते, घरात कोणाचा कोणता उपास, हे सगळं बारकाईनं विचारून घेतलं. तेवढं एकदाच. पुढे कौन्सिलनं कचऱ्याचा वार बदलला, पण भाऊजींनी त्याला मान्यता दिली नाही. ते जुन्याच वारी मोठ्या निष्ठेनं कचऱ्याची बिन बाहेर नेऊन ठेवत आणि शेजारच्या आजीबाई ती परत आत लोटत. बसचं वेळापत्रक बदललं तेव्हा स्टॉपवर ताटकळून घरी आले आणि म्हणाले, "वहिनी, ड्रायव्हर नवा दिसतो." मी गुरुवारचा उपास सोडून दिला, त्यांच्या डोळ्यांदेखत पोळी-भाजी खाऊ लागले, तरी दर गुरुवारी ऑफिसातून येताना माझ्यासाठी केळी यायचीच. केळी आणणाऱ्यावर रागावता येत नाही, हीच पंचाईत.

गंमत अशी की, ऑफिसात हाच गृहस्थ ताज्या माहितीचा ठेकेदार होता. ठिकठिकाणच्या शाखांतून येणारी गिऱ्हाइकांची माहिती कॉम्प्युटरमधल्या एका मोठ्या टेबलात, म्हणजे तक्त्यात, नीट बसवायची, हे त्यांचं काम. त्यात लुकअप कॅशे नावाचं प्रकरण होतं, आणि ते मला समजावल्याशिवाय जेवायचं नाही असा जणू त्यांचा पण होता. एकदा तर त्यांनी माझा मिसळणाचा डबाच पुढ्यात ओढला. "हे बघा वहिनी, फोडणी करताना दर चिमटीला तुम्ही कपाटातल्या बरणीकडे धावता का? नाही. थोडं थोडं या डब्यात काढून ठेवता. तसंच, प्रत्येक गिऱ्हाईक जुनं की नवं हे दर वेळी टेबलाला विचारत बसलं, तर काम संपायचंच नाही. म्हणून टेबल एकदा वाचून मेमरीत घ्यायचं आणि तिथंच बघायचं. हीच कॅशे."

"आणि मध्येच बरणीतलं बदललं तर?" मी विचारलं.

भाऊजींना भरून आलं. त्यांच्या एका सहकाऱ्याच्या हातून नेमकं तेच झालं होतं. एका नव्या बाईंची माहिती एकाच खेपेत दोनदा आली. कॅशे आधीच भरून ठेवलेली, तिला त्या बाई दोन्ही वेळा अनोळखी. त्यांची नोंद दोनदा झाली आणि घरी प्रत्येक पत्र जोडीनं जाऊ लागलं. मग भाऊजींनी तिथं डायनॅमिक कॅशे बसवली, म्हणजे टेबलात नवं काही लिहिलं की लगेच कॅशेतही लिहायचं. "टेबल बदललं आणि कॅशे जुनीच राहिली, तर ती खोटं बोलते वहिनी. आणि तेही खात्रीनं!" हे सांगून त्यांनी मला उपासाचं केळं सोलून दिलं.

मुलीच्या बाबतीत मात्र मला हसू येईनासं झालं. भाऊजी निघाले तेव्हा ती बोबडं बोलायची. व्हिसाचं काही ना काही अडत गेलं, आणि दर रविवारी फोनवर यांचं तेच, "काऊ कसा ओरडतो? माऊ कशी म्हणते?" पलीकडची पोर शाळेत जाऊ लागली होती. हळूहळू ती फोनवर यायलाच नाही म्हणू लागली. जाऊबाई नवे फोटो पाठवत, ते पाकिटातच राहत. भिंतीवर जुनाच. "भाऊजी, ती तुम्हाला विसरेल हो," मी सरळच म्हटलं, "वेबकॅम तरी घ्या." तर म्हणाले, "कशाला? ती कशी दिसते ते मला ठाऊक आहे." मला त्यांचा राग आला आणि कीवही.

शेवटी व्हिसा मिळाला. हीथ्रोवर मीही गेले होते. भाऊजींच्या हातात गुलाबी बुटांचा जोड होता, स्वतः निवडून आणलेला. जाऊबाई ट्रॉली ढकलत बाहेर आल्या, शेजारी दोन वेण्या घातलेली एक चांगली उंच मुलगी. भाऊजी बायकोकडे बघून हसले आणि तिच्या मागे वाकून शोधू लागले.

"अहो, कोणाला शोधताय? ही काय!" जाऊबाई म्हणाल्या.

पोरीनं बापाकडे पाहिलं, मग बुटांकडे. "हे माझे नाहीत. हे बाळाचे आहेत," ती म्हणाली आणि आईच्या मागे सरकली.

भाऊजींचा चेहरा मला पाहवेना. मग हा माणूस कोट-टायसकट, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत फतकल मारून बसला. "मग तुझा पाय केवढा आहे? दाखवतेस?" शेवटी आईचा हात न सोडता तिनं एक पाय पुढे केला, आणि त्यांनी तो वितीनं मोजला.

आता ती इथल्या शाळेत जाते. भाऊजी रोज संध्याकाळी तिला विचारतात, तुला काय आवडतं, तुझी मैत्रीण कोण, भीती कशाची वाटते. "बाबा, तू काल पण हेच विचारला! आय टोल्ड यू!" ती वैतागते. "ते कालचं," भाऊजी म्हणतात, "आजचं सांग." मग ती सांगते आणि ते ऐकत राहतात. मधली ती वर्षं मात्र आता कोणाला विचारून मिळायची नाहीत, हे त्यांना कळलेलं आहे, आणि पोर बोलायची थांबली की ते त्यांच्या तोंडावर दिसतं.