उसाला आलेले तुरे

परवा एसटीच्या खिडकीतून उसाचे पांढरे तुरे पाहून सूनबाई म्हणाली, "बाबा, किती छान दिसतंय!" मी नुसती मान हलवली. तुरा आला की ऊस आतून पोकळ होऊ लागतो, उभ्या उभ्या त्याचं वजन घटतं, हे तिला सांगवलं नाही.

मी साखर कारखान्यात शेतकी मदतनीस होतो. कोणाचा ऊस कधी तोडायचा, त्या यादीवर माझी सही असे. आमच्या गावच्या दत्तूअण्णांनी कारखान्याच्या सभेत वजनकाट्याबद्दल प्रश्न विचारला आणि मला वरून निरोप आला, "याला जरा थांबवा." मी त्यांची तोड थांबवली. ऊस काही कांदा नाही, की इथे नाही तर दुसऱ्या बाजारात न्यावा. त्याला दार एकच. माझ्या नोकरीलाही तेच.

शिमग्याच्या सुमारास अण्णा आले. "भाऊसाहेब, तुरेसुद्धा वाळले हो. आता काय करू?"

"जळालेला ऊस आम्ही आधी तोडतो," मी म्हणालो. "भावात थोडी कपात होते, एवढंच."

अण्णा हसले. "म्हणजे पोटच्या पोरासारखा वाढवला, आता काडीही मीच लावू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ती लावली. पंचनाम्यात मी कारण लिहिलं, विजेच्या तारा एकमेकींना घासल्या. अण्णांनी खाली सही केली आणि काजळीच्या हातांनी माझे हात धरले. "उपकार झाले, भाऊसाहेब."

त्या शेतावरून विजेची तार गेलेलीच नव्हती.